लागणे : एका धातूचे फुटवे

'लागणे' हे मराठीतील एक अकर्मक क्रियापद आहे. त्याचा मूळ अर्थ अगदी साधा : एका वस्तूने दुसरीला भिडणे, चिकटणे. पण रोजच्या बोलण्यात हे क्रियापद इतक्या निरनिराळ्या ठिकाणी येते की त्याच्याशिवाय एक छोटा प्रवासही सांगता येत नाही. वाईच्या बसस्थानकात महाबळेश्वरची गाडी फलाटाला लागते. गाव मागे पडले की पसरणीचा घाट लागतो. आईचा नुकताच डोळा लागलेला असतो, तेवढ्यात वळणावळणांमुळे मांडीवरच्या मुलीला गाडी लागते. पाचगणीला पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. खाली उतरल्यावर तोंडाला गार वारा लागतो आणि मुलीला भूक लागते. एवढ्याशा प्रवासात एकच क्रियापद सात वेळा आले आणि सातही वेळा वेगळे काही सांगून गेले. 'गाडी लागणे' तर दोनदा आले, पण फलाटाला लागणारी गाडी आणि मुलीला लागणारी गाडी यांत कोणाचाही गोंधळ होत नाही.

बहुतेक भाषांत अशी थोडी क्रियापदे असतात. ती आखूड, जुनी आणि घरगुती असतात आणि भाषेचा निम्मा भार वाहतात. इंग्रजीत सेट, रन, गेट, टेक ही क्रियापदे तशी आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदवले होते. पुढच्या आवृत्तीचे काम करताना त्याच कोशाच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे अर्थ मोजले, ते ६४५ भरले. मराठीत करणे, पडणे, मारणे, काढणे, बसणे, घालणे आणि लागणे ही अशी राबती क्रियापदे आहेत. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. कोणत्याही कोशकाराला अवघड तत्सम शब्दापेक्षा अशा साध्या क्रियापदापाशीच जास्त थांबावे लागते.

कोशात हे अर्थ एकाखाली एक क्रमांक घालून मांडलेले असतात, त्यामुळे ते सुटे सुटे वाटतात. वस्तुतः ते उसाच्या फुटव्यांसारखे आहेत. जमिनीवर दहा-बारा ऊस वेगळे दिसतात, पण माती उकरली की सगळे एकाच कांडीच्या डोळ्यातून आलेले सापडतात. 'लागणे'चा प्रत्येक अर्थ खाली स्पर्शापर्यंत नेता येतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे क्रियापद शिवारात, बाजारात, घरात आणि बोलीच्या व्याकरणात विशेष भरघोस फुटलेले दिसते.

मूळ धातू

संस्कृतात 'लग्' हा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे. प्राकृतात त्याचे रूप 'लग्गइ' झाले. प्राकृतातले जोडाक्षर मराठीत येताना सुटते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. हस्त, हत्थ, हात किंवा सप्त, सत्त, सात या ओळी पाहिल्या की हा नियम स्पष्ट होतो. त्याच नियमाने 'लग्ग'चा 'लाग' झाला. गुजरातीतील 'लागवुं', बंगालीतील 'लागा', नेपाळीतील 'लाग्नु' आणि हिंदीतील 'लगना' ही सगळी याच घरची भावंडे. हिंदीने स्वर ऱ्हस्व ठेवला, मराठीने तो दीर्घ केला.

'लग्न' हा शब्दही याच धातूचा. व्याकरणाच्या दृष्टीने ते 'लग्'चे भूतकाळवाचक विशेषण आहे : लागलेला, चिकटलेला. 'संलग्न' या शब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला ज्या क्षणी जी रास टेकलेली असते, तिला त्या क्षणाचे लग्न म्हणतात. त्यावरून शुभ घटकेला लग्न म्हणू लागले आणि पुढे त्या घटकेवर होणाऱ्या विवाहालाच ते नाव मिळाले. म्हणून मांडवात 'लग्न किती वाजता लागणार?' असे विचारतात आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की 'लग्न लागलं' म्हणतात. या दोन शब्दांच्या वाक्यात एकच धातू दोनदा येतो, एकदा संस्कृत वेषात आणि एकदा मराठी वेषात.

लगत, लगट, संलग्न, लागू, लागोपाठ, लागाबांधा, लागवड, लागण हे शब्दही याच कुळातले. शेताच्या लगत शेत असते, औषध लागू पडते, पाहुणे लागोपाठ येतात, दोन घरांचे लागेबांधे असतात. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टींमधले अंतर मिटलेले असते.

स्पर्श आणि इजा

सर्वांत जवळचा अर्थ प्रत्यक्ष स्पर्शाचा. भिंतीला हात लागतो, कपड्याला डाग लागतो, भांड्याला काजळी लागते, दूध तापवताना तळाला लागते. हाच स्पर्श जोराचा झाला की इजा होते : ठेच लागते, दगड लागतो, मार लागतो, गोळी लागते. मूल पडले की आई धावत जाऊन 'लागलं का?' एवढेच विचारते. कोणाला, कुठे, काय लागले यांतले एकही पद त्या वाक्यात नसते, तरी वाक्य पुरे असते. क्रियापदाचा अर्थ इतका मुरलेला असला की त्याला सोबतीची गरज राहत नाही.

शरीराला लागते तसे मनालाही लागते. टोचून बोललेला शब्द मनाला लागतो. न दिसणाऱ्या गोष्टीही लागतात : लहान बाळाला दृष्ट लागते, दुखावलेल्या माणसाचा तळतळाट लागतो. सर्दी एकाची दुसऱ्याला लागते, आणि साथीच्या रोगाला 'लागण' हा शब्द त्यावरूनच मिळाला. या सगळ्यांत बाहेरून काहीतरी येऊन माणसाला भिडते, हे सूत्र कायम राहते.

पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत या क्रियापदाचा एक खास प्रयोग आहे. साप चावला असे सरळ न म्हणता 'पान लागलं' म्हणतात. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या भागापासून माणदेशापर्यंत जुन्या माणसांच्या तोंडी हा वाक्प्रचार आहे. भयंकर गोष्टीचे नाव उच्चारले की ती ओढवते, अशी लोकांची धारणा असते. म्हणून दंश करणाऱ्याचे नाव टाळले, दंश हा शब्दही टाळला, आणि 'लागणे' या साध्या स्पर्शाच्या क्रियापदावर सगळे सोपवले.

चवीचा अर्थही स्पर्शातूनच आला. पदार्थ जिभेला लागतो, म्हणून तो गोड, आंबट किंवा खमंग लागतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासाठी खवा चांगला भाजतात आणि साखर बेताची घालतात, म्हणून तो खमंग लागतो. उन्हातान्हातून आलेल्या माणसाला शिळी भाकरीही गोड लागते. इथे मराठीने एक बारीक भेद पाळला आहे. जिभेवर उमटते ते 'लागते', मनात उमटते ते 'वाटते'. हिंदीत दोन्हीला 'लगना' चालते. मराठीत 'पेढा चांगला लागला' आणि 'पेढा आणलास ते चांगले वाटले' ही दोन वाक्ये वेगळीच राहतात.

भूक कोणाला लागते

भूक, तहान, झोप, उचकी, ठसका, धाप, वेड, छंद, सवय, नाद, चटक, ओढ, काळजी, आशा : या सगळ्या गोष्टी माणसाला लागतात. या वाक्यांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. 'मला भूक लागली' या वाक्यात कर्ता भूक आहे. क्रियापद भुकेच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. बोलणारा पुरुष असो की स्त्री, 'लागली' हे रूप बदलत नाही. तहान लागली, ठसका लागला, वेड लागले, ग्रहणाचे वेध लागले असे क्रियापद दर वेळी येणाऱ्या गोष्टीकडे पाहून वळते. माणूस मात्र 'ला' प्रत्यय घेऊन बाजूला उभा असतो.

इंग्रजीत माणूस 'भुकेला असतो', म्हणजे भूक हा त्याचा गुण होतो. मराठीत भूक ही बाहेरून येऊन चिकटणारी स्वतंत्र वस्तू आहे. जे माणूस ठरवून करत नाही, जे त्याच्यावर येते, त्यासाठी मराठीने ही रचना राखून ठेवली. जेवण माणूस करतो, भूक त्याला लागते. अभ्यास माणूस करतो, अभ्यासाची गोडी त्याला लागते. ज्येष्ठ महिना सरत आला की वारकऱ्याला पंढरीची ओढ लागते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तरडगाव, फलटण असे मुक्काम करत पुढे जाते, आणि या वाटेवरच्या घरांना त्याआधी कितीतरी दिवस पालखीचे वेध लागलेले असतात. ओढ किंवा वेध ही ठरवून करण्याची गोष्ट नाही, हे क्रियापदच सांगून टाकते.

पाणी लागणे

एकाच शब्दाशी जोडल्यावर 'लागणे' किती अर्थ देते याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'पाणी लागणे'. सातारा-सांगली हा एकीकडे कृष्णा-कोयनेचा, तर दुसरीकडे माण-खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या माळांचा मुलूख. त्यामुळे हा वाक्प्रचार इथे वेगवेगळ्या तोंडांनी वेगवेगळ्या सुरांत येतो.

माळावर विहीर खणताना मुरूम संपतो, खडक सुरू होतो, आणि एके दिवशी पहारीच्या टोकाशी ओल दिसते. 'पाणी लागलं' ही हाक वरपर्यंत जाते. इथे लागणे म्हणजे सापडणे, शोधाला फळ येणे. पाणी किती हातांवर लागले, गोडे लागले की मचूळ लागले, याची चर्चा गावभर होते. बोअर घेताना हाच प्रश्न फुटांत विचारला जातो.

कृष्णाकाठी तेच शब्द धडकी भरवतात. सांगलीत आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. त्याच्याजवळची पाणीपातळी हे पावसाळ्यातले शहराचे पहिले वर्तमान असते. तिथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका समजतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत धोक्याची ही पातळी कितीतरी मागे पडली. नदीकाठच्या घरांतून तेव्हा 'उंबऱ्याला पाणी लागलं' असे निरोप जात होते. इथे लागणे म्हणजे येऊन टेकणे. उंबऱ्याला पाणी लागले याचा अर्थ ते अजून आत शिरलेले नाही, पण सामान उचलण्याची वेळ झाली आहे. फुटपट्टीपेक्षाही नेमकी अशी ही खूण आहे.

तिसरा अर्थ शरीराचा. मुलगा शिकायला परगावी गेला आणि आजारी पडला की 'तिथलं पाणी लागलं' म्हणतात. इथे लागणे म्हणजे बाधणे. चौथा अर्थ गरजेचा : उसाला पाणी जास्त लागते, ज्वारीला कमी लागते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे चढवले गेले. तिथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात विहिरीचे 'पाणी लागणे' आणि पिकाला 'पाणी लागणे' हे दोन्ही अर्थ एकाच दमात येतात. ऐकणाऱ्याला अर्थ लावण्यासाठी शेजारचा शब्द पुरतो. विहिरीला, उंबऱ्याला, पोराला की पिकाला, एवढे कळले की झाले.

लागण आणि लावणे

'लागणे'ची सकर्मक जोडी 'लावणे'. आपोआप होते ते लागणे, कोणी केले ते लावणे. दिवा लागतो आणि लावतात, आग लागते आणि लावतात, कुलूप लागते आणि लावतात, रांग, पैज, बोली, शोध, छडा, निकाल यांचेही तसेच. ही जोडी जबाबदारी वाटून देते. 'गंजीला आग लागली' आणि 'गंजीला आग लावली' या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे, पण दुसऱ्या वाक्यामागून पोलीस येतात.

शिवारात या जोडीला नाव मिळाले आहे. उसाच्या पट्ट्यात ऊस लावण्याच्या कामाला आणि त्या पिकालाही 'लागण' म्हणतात. उसाची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो : 'लागण की खोडवा?' कांड्या नव्याने लावून आलेले पीक ती लागण, आणि तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक तो खोडवा. लागणीचे तीन हंगाम ठरलेले आहेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आडसाली, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पूर्वहंगामी, आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 'सुरू'. फलटण तालुक्यातील पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून या पिकावर काम करते, आणि को ८६०३२, फुले २६५ ही तिथे पारखलेल्या वाणांची नावे इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतात.

लागणीचे काम जवळून पाहिले की शब्द का बसला ते समजते. सरी सोडून पाणी दिलेले असते. उसाच्या एक किंवा दोन डोळ्यांच्या कांड्या, ज्यांना टिपरी म्हणतात, त्या सरीत अंथरून पायाने किंवा हाताने चिखलात दाबतात. डोळा बाजूला येईल अशी कांडी ठेवतात, खाली गेला तर कोंब यायला उशीर लागतो. टिपरी मातीला लागली पाहिजे, म्हणजे तिच्याभोवती पोकळी राहता कामा नये. काही दिवसांनी जिथे डोळा फुटला नाही तिथे दुसरी रोपे ठेवून नांग्या भरतात. एखादे रोप जगले की 'लागलं' म्हणतात. म्हणजे लावणे हे माणसाच्या हातात, पण लागणे हे मातीच्या मर्जीवर. दोन क्रियापदांमधला व्याकरणातला भेद शेतकऱ्याने वाफ्यात भोगलेला असतो.

तासगाव भागातल्या द्राक्षबागांत हा अर्थ आणखी मुळाशी जातो. तिथे आधी डॉगरिजसारख्या काटक जातीचे खुंटरोप लावतात आणि त्यावर हव्या त्या वाणाच्या काडीचे कलम करतात. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडून एकजीव झाला की 'कलम लागलं'. संस्कृत धातूचा जो पहिला अर्थ, जोडले जाणे, तो इथे जसाच्या तसा डोळ्यांपुढे घडतो. पुढे वेलीला घड लागतात, झाडाला फळ लागते, हाही त्याचाच विस्तार.

हळदीने या जोडीला आणखी एक रंग दिला आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ. 'सांगली हळदी'ला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शेतकरी हळद लावतो, म्हणजे गड्डे मातीत घालतो. लग्नाच्या आदल्या दिवशी सुवासिनी नवरीला हळद लावतात, म्हणजे अंगाला चोळतात. 'हळद लावली का?' हा प्रश्न बांधावर विचारला की एक अर्थ होतो, मांडवात विचारला की दुसरा. 'हळद लागली' मात्र बहुधा नवरीचीच, आणि तेव्हापासून तिने घराबाहेर पडायचे नसते.

वाट, वेळ आणि पैसा

चालणाऱ्याला वाटेत जे भेटते ते त्याला 'लागते'. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट लागतो, साताऱ्याहून दक्षिणेला निघाले की आधी उंब्रज लागते, मग कऱ्हाड लागते. घाट जागचा हलत नाही, तरी भाषा तो माणसाला येऊन भिडतो असे मानते. हा प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहिलेला नकाशा आहे.

वाटेवर गाव लागते तसा वेळही लागतो, पैसाही लागतो. 'किती लागतील?' या प्रश्नात खर्च, दिवस, माणसे, पोळ्या असे काहीही असू शकते. गरज आणि स्पर्श यांचा संबंध इथे जरा लांबचा दिसतो, पण तुटलेला नाही. एखाद्या कामाला जी वस्तू जोडावी तेव्हा ते पुरे होते, ती त्या कामाला लागते. बांधकामाला वाळू लागते, पुरणाला गूळ लागतो, दाखल्याला कागद लागतात.

बाजारातही हा शब्द दिवसभर घुमतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे निघतात तेव्हा बोली लागते आणि मालाला दर लागतो. दर 'मिळाला' म्हटले तर विकणाऱ्याचे समाधान दिसते, दर 'लागला' म्हटले की तो बाजाराने ठरवला एवढेच कळते. घराकडे मुलाचा निकाल लागतो, कॉलेजच्या यादीत नंबर लागतो, नोकरी लागते. आयुष्याची घडी बसली की पोरगा 'मार्गाला लागला' म्हणतात, बिघडली की तो कोणाच्या तरी 'नादी लागला' म्हणतात, आणि सगळेच बिनसले की 'वाट लागली' म्हणतात. मार्ग आणि वाट समानार्थी शब्द आहेत, तरी 'मार्गाला लागणे' शुभ आणि 'वाट लागणे' अशुभ. वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांची बेरीज करून काढता येत नाही, हे दाखवायला ही जोडी पुरेशी आहे.

माणूस माणसाला लागतो

नाते विचारण्यासाठीही मराठीला हेच क्रियापद हवे असते. अनोळखी माणूस गावात आला की पारावर विचारपूस होते : 'पाव्हणं, तुमी त्यांचं कोण लागता?' उत्तर येते : 'नात्यानं मामा लागतो.' इथे 'आहे' आणि 'लागतो' यांत फरक आहे. 'तो माझा मामा आहे' हे सख्ख्या मामाबद्दल. 'मामा लागतो' म्हणजे नात्याची साखळी धरत गेले की तो मामाच्या जागी येतो. भावकीने आणि सोयरिकीने विणलेल्या गावांत अशी नाती मोजावी लागतात, आणि त्या मोजणीचे क्रियापद 'लागणे' हे आहे. उलट बाजूने 'तो माझा कोणी लागत नाही' हे वाक्य नाते तोडण्यासाठी पुरते.

दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला

इथपर्यंत 'लागणे' स्वतःच्या बळावर उभे होते. दुसऱ्या क्रियापदाला जोडून आले की ते सहायक क्रियापद होते आणि त्याचे दोन मोठे उपयोग दिसतात.

पहिला आरंभाचा. 'मूल चालू लागले', 'पाऊस पडायला लागला'. क्रियेला हात घातला, ती सुरू झाली. हा अर्थ 'कामाला लागला' या वाक्यातून सहज निघतो : कामाला भिडला म्हणजे काम सुरू केले.

दुसरा सक्तीचा. 'मला जावे लागते', 'त्यांना थांबावे लागले'. जाणे येऊन चिकटले, टाळता येईना. हिंदीत इथे 'पड़ना' वापरतात, जणू काम अंगावर पडते. मराठीत ते अंगाला लागते. भुकेच्या वाक्याची रचनाच इथे चालू राहते. माणूस 'ला' प्रत्यय घेतो आणि क्रियापद त्याच्याकडे पाहून बदलत नाही.

आरंभ आणि सक्ती यांची खूण या रचनेतच आहे. 'तो शाळेत जायला लागला' म्हणजे जाणे सुरू झाले. 'त्याला शाळेत जायला लागले' म्हणजे जाणे भाग पडले. धातू तोच, शब्द तेच, पण 'तो' आणि 'त्याला' एवढ्यावर इच्छा आणि नाइलाज वेगळे होतात.

या 'ला' प्रत्ययाचीही एक गोष्ट आहे. संतकाव्यात 'तुजलागी', 'मजलागी' अशी रूपे येतात. त्यांतले 'लागी' म्हणजे साठी, प्रति, आणि ते याच धातूचे. चतुर्थीचा 'ला' हा त्या 'लागी'चा झिजलेला अवशेष आहे, असे काही भाषाभ्यासकांनी मांडले आहे. हे मत मानले तर 'मला लागते' या वाक्यातही, 'लग्न लागले'सारखाच, एक धातू दोनदा आला आहे.

'कराय लागलाय'

सातारा, सांगली आणि शेजारच्या कोल्हापूरच्या बोलीने या सहायक क्रियापदाला एक पाऊल पुढे नेले आहे. प्रमाण मराठीत 'तो जेवायला लागला' म्हणजे त्याने जेवायला सुरुवात केली. या भागात 'त्यो जेवाय लागलाय' म्हणजे तो आत्ता जेवत आहे. 'पाऊस पडाय लागलाय', 'आई भाकरी कराय लागलीया', 'पोरं खेळाय लागल्यात' या वाक्यांत क्रिया कधी सुरू झाली हा मुद्दा नसतो, ती चालू आहे हा मुद्दा असतो. फोनवर 'काय कराय लागलायसा?' असे विचारले की पहाटेपासून शेतात असलेला शेतकरी दुपारीही 'उसाला पाणी पाजाय लागलोय' असेच सांगतो.

हा बदल टप्प्याटप्प्याने समजतो. आधी माणूस कामाला भिडतो, मग काम सुरू होते, आणि सुरू झालेले काम अजून हातात असते. स्पर्शातून आरंभ आला, आरंभातून चालू क्रिया आली. अनेक भाषांत चालू काळाची रूपे अशाच साध्या क्रियापदांतून घडलेली असतात.

बोलीत सक्तीचा अर्थही शेजारीच नांदतो. 'पाणी पाजाय लागलोय' म्हणजे पाजत आहे. 'रातचं पाणी पाजाय लागतंय' म्हणजे वीज रात्री असते, म्हणून पाजणे भाग आहे. पहिल्या वाक्यात क्रियापद 'मी'शी जुळते, दुसऱ्यात ते नपुंसकलिंगी राहते आणि 'मला' गृहीत असते. बोलणारा माणूस व्याकरणाचे पुस्तक न उघडता हा भेद अचूक पाळतो.

शेजारच्या कन्नडातही याला जुळणारी रचना आहे. कन्नडातील 'हत्तु' या क्रियापदाचा अर्थ चिकटणे, भिडणे, लागणे. आग 'हत्तते', आणि उत्तर कर्नाटकच्या बोलीत 'करत आहे' यासाठी 'माडाक हत्त्यान' अशी रचना करतात. शब्दशः ते 'कराय लागलाय'च होते. जत तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड घराघरात बोलली जाते, आणि कृष्णाकाठच्या गावांत दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या अंगणात वावरल्या आहेत. घराणी वेगळी असलेल्या दोन भाषांनी स्पर्शाच्या क्रियापदातूनच चालू काळ घडवला, ही या सीमाभागाची मोलाची भाषिक संपत्ती आहे.

शाळेत 'कराय लागलाय' अशुद्ध ठरवून 'करत आहे' असे लिहून घेतात. लेखनाची प्रमाण भाषा मुलांना आली पाहिजे, यात शंका नाही. पण बोलीतले रूप ही चूक नव्हे. त्याला लिंग, वचन, पुरुष यांचे पक्के नियम आहेत आणि चालू क्रिया व सक्ती हे दोन अर्थ ते वेगळे ठेवते. प्रमाण मराठीतला 'जेवायला लागला' हा आरंभ आणि बोलीतला 'जेवाय लागलाय' ही चालू क्रिया, हे दोन्ही शिकवताना शेजारी शेजारी ठेवले तर मुलाला दोन्ही नीट कळतात.

अर्थ ओळखण्याची रीत

'लागणे' असलेले कोणतेही वाक्य तीन प्रश्नांनी उलगडते. काय लागले? कोणाला किंवा कशाला लागले? आणि सोबत दुसरे क्रियापद आहे का? लागणारी वस्तू डोळ्यांना दिसणारी असेल, तर अर्थ बहुधा स्पर्श, इजा, सापडणे किंवा गरज यांपैकी असतो. लागणारी गोष्ट भूक, वेड, ओढ अशी असेल, तर तो माणसावर येणारा अनुभव असतो. लागणारा माणूस असेल, तर नाते किंवा काम यांचा संबंध असतो. सोबत दुसरे क्रियापद असेल, तर माणसाला लागलेला 'ला' प्रत्यय पाहावा : तो असला तर सक्ती, नसला तर आरंभ, आणि वाक्य कृष्णाकाठचे असेल तर चालू क्रिया.

या तीन प्रश्नांनीही न सुटणारे थोडे वाक्प्रचार उरतात : डोळा लागणे, पान लागणे, वाट लागणे. ते ऐकूनच शिकावे लागतात. त्यांतही डोळा लागतो तेव्हा पापणीला पापणी टेकलेली असते, आणि पान लागते तेव्हा दात कातडीला भिडलेले असतात.